जुन्या रॅमला जोड द्यायची की सरळ किट घ्यायचं?

८ जीबी रॅम पुरेनाशी झाली की दोन रस्ते असतात. एक म्हणजे आहे त्या स्टिकशेजारी अजून एक ८ ची टाकायची. दुसरा म्हणजे जुनी विकून टाकायची आणि कंपनीनेच जोडीने पॅक केलेलं ८-८ चं किट आणायचं. मी दोन्ही केलंय, आधी पहिलं आणि साधारण वर्षभराने दुसरं, त्यामुळे सध्या या विचारात असलेल्यांसाठी लिहितोय.

आमचं मशीन साधं आहे, रायझन ५ ३६०० प्रोसेसर, बी४५० बोर्ड, डीडीआर४ रॅम. त्यात पहिल्यापासून ३२०० सीएल१६ ची एकच स्टिक होती (३२०० हा स्पीड, सीएल म्हणजे टायमिंग, तो आकडा जितका कमी तितकी रॅम लवकर प्रतिसाद देते). बायको लग्नाचे अल्बम डिझाइन करते, एकेका फाइलमध्ये चाळीस-चाळीस लेयर, आणि फोटोशॉप उघडून वर ब्राउझर चालू केला की मशीन रडायला लागायचं. मुंबईत लॅमिंग्टन रोडच्या कॉम्प्युटर बाजारात गेलो, "३२०० ची ८ जीबी द्या" म्हटलं, दुसऱ्या कंपनीची मिळाली, लावली, १६ दिसले, विषय संपला असं वाटलं.

खरी मेख होती डब्यावरच्या आकड्यात. दोन्हींवर ३२००च लिहिलेलं, पण जुनी स्टिक ३२०० ला जायची ती एक्सएमपी (कंपनीने स्टिकमध्ये भरून दिलेलं जास्त स्पीडचं प्रोफाइल) चालू केल्यावर, १.३५ व्होल्टवर, सीएल१६ ने. एक्सएमपी बंद असलं की तीच स्टिक २४०० वर बसायची. नवीन मात्र १.२ व्होल्टवर मुळातूनच ३२००, पण सीएल२२. आता बोर्ड काय करतो, एक्सएमपी बंद असेल तर दोघींना झेपेल अशा कमी स्पीडला दोघींना चालवतो, म्हणजे आमच्याकडे २४००. आणि एक्सएमपी चालू केलं की जुनीचं प्रोफाइल दोघींवर लादतो. २२ च्या टायमिंगसाठी बनलेल्या स्टिकला १६ ने पळवायचं म्हटल्यावर ती कधीतरी चुकणारच. तरी मशीन चालू झालं, विंडोज उघडलं, सगळं झकास दिसलं. चालूच झालं नसतं तर पाच मिनिटांत कळलं असतं.

मग सुरू झालं. एक दिवस ब्लू स्क्रीन, त्यावर मेमरी मॅनेजमेंट. चार दिवस काही नाही. मग आयआरक्यूएल नॉट लेस ऑर इक्वल. मग पेज फॉल्ट. मधेच फोटोशॉप न सांगता बंद. मी ग्राफिक्सचे ड्रायव्हर बदलले, विंडोज नव्याने टाकलं, एसएमपीएस (मशीनचा पॉवर सप्लाय) बदलायला निघालो होतो. आज कुणी विचारलं तर पहिलं हेच सांगतो की दर वेळी एरर वेगळी येत असेल तर आधी रॅमकडे बघा, कारण ड्रायव्हर बिघडलेला असला तर बहुतेक वेळा तीच ती एरर आणि त्याच त्या फाइलचं नाव फिरून फिरून येतं.

एका रात्री बायकोने सेव्ह केलेला अल्बम सकाळी उघडेना. ब्लू स्क्रीन आला नव्हता, मशीन हँगही झालं नव्हतं, फाइल गुपचूप खराब झालेली. तीन दिवसांचं काम होतं ते, आणि फोटोग्राफरला संध्याकाळी द्यायचं होतं. क्रॅश परवडला, तो निदान दिसतो तरी. त्या दिवशी तिचा चेहरा बघून मी मेमटेस्टचा, म्हणजे रॅम तपासणाऱ्या प्रोग्रामचा, पेनड्राइव्ह बनवला.

रात्रभर चालवला. पहिला पास (टेस्टची एक पूर्ण फेरी) स्वच्छ, तिसऱ्या पासला लाल ओळी. म्हटलं सापडली चोर. एकेक स्टिक वेगळी काढून पुन्हा टेस्ट, दोन रात्री गेल्या. जुनी एकटी, एक्सएमपी चालू, शून्य एरर. नवीन एकटी, शून्य एरर. दोघी एकत्र एक्सएमपीवर, एरर. दोघी एकत्र, एक्सएमपी बंद, शून्य एरर.

नवीन स्टिक घेऊन दुकानात गेलो. काउंटरवरच्या मुलाने त्याच्या बोर्डात लावली, अर्धा तास चालवली आणि म्हणाला, "सर, स्टिक ओके आहे, रिप्लेसमेंटमध्ये नाही बसणार." आणि तो बरोबर होता. जुनीच्या कंपनीकडे गेलो असतो तरी हेच उत्तर मिळालं असतं. दोन्ही माल चांगला, दोन्हींना वॉरंटी, आणि तरी माझं मशीन बंद पडतंय याची तक्रार ऐकायला कुणीच नाही. मला जे खटकलं ते हेच, स्पीडचा फरक नाही. ती जोडी मी लावली होती, म्हणून तिची जबाबदारी पण माझीच. तीच स्टिक नंतर मी खाली राहणाऱ्या एकांना विकली, त्यांच्या मशीनमध्ये एकटी आहे, आजतागायत एक तक्रार नाही.

किट आणलं ३२०० सीएल१६ चंच, सीपीयूकडून मोजत दुसऱ्या आणि चौथ्या स्लॉटमध्ये बसवलं, एक्सएमपी चालू, रात्रभर टेस्ट, शून्य. त्यानंतर ब्लू स्क्रीन आलेला नाही. फोटोशॉप किती टक्के पळायला लागलं ते मोजलं नाही, पण बायको आता दर पाच मिनिटांनी सेव्ह करत नाही, मला तेवढं पुरेसं आहे.

आता जोड देणाऱ्यांना मी वेड्यात काढत नाहीये. २०२५ च्या शेवटापासून रॅमचे भाव जे चढलेत ते बघता चालू स्टिक विकून किट घ्या म्हणणं सोपं नाही, मलाही आज घ्यायचं असतं तर दोनदा विचार केला असता. तुमचं काम ईमेल, एक्सेल, टॅली एवढंच असेल तर एक्सएमपी बंद ठेवून मिश्र जोडी बहुधा नीट चालेल. लॅपटॉपमध्ये तर बऱ्याचदा एक रॅम बोर्डावरच सोल्डर केलेली असते, तिथे जोडच द्यावी लागते, आणि लॅपटॉप सहसा एक्सएमपीच्या भानगडीत पडत नाहीत म्हणून तिथे हा त्रास कमी बघितलाय. जोड द्यायचीच असेल तर नुसता ३२०० बघू नका, सीएल आणि व्होल्टेज दोन्ही जुळतंय का बघा.

"त्याच मॉडेलची अजून एक घेतो, सेम टू सेम" हा मधला मार्ग बरेच जण सुचवतात. चालतो कधी कधी. पण स्टिकरवरचा नंबर तोच राहून आतली चिप बदललेली असू शकते, आज हायनिक्सची तर पुढच्या बॅचला मायक्रॉनची. किटमधल्या स्टिक एकत्र टेस्ट होऊन आलेल्या असतात, सुट्या घेतलेल्या दोन नाही.

आणि डीडीआर५ वर असाल तर दोनाच्या चार करताना जरा जास्तच जपा. रायझन ७००० प्रोसेसरना एएमडी स्वतः दोन स्टिकवर ५२०० स्पीड सांगते आणि चार लावल्या की ३६००. तिथे माझं मत सरळ आहे, १६-१६ च्या चार करण्यापेक्षा ३२-३२ चं एक किट.

सध्या मिश्र जोडी लावून बसलेले असाल आणि क्रॅश होत असेल तर लगेच दुकान गाठू नका. बायोसमध्ये (मशीन चालू होताना उघडता येणारी बोर्डाची सेटिंग) जाऊन एक्सएमपी बंद करा (एएमडीच्या काही बोर्डांवर डीओसीपी म्हणतात), एक रात्र मेमटेस्ट, मग आठवडाभर वापरा. थांबलं तर तुम्हाला फुकटात उत्तर मिळालं, त्या कमी स्पीडवर भागतंय का एवढंच ठरवायचं. त्यावरही एरर आल्या तर एकेक स्टिक लावून बघा, त्यात एखादी खरंच मेलेली निघाली तर ती वॉरंटीत बदलून मिळेल.

किट घेतलंत तर डबा आणि बिल दोन्ही जपून ठेवा, एक स्टिक खराब झाली तरी कंपन्या साधारण पूर्ण जोडीच परत मागतात.