मुलांसोबत अलास्का क्रूझ: जहाजाआधी मार्ग बघा

अलास्काच्या क्रूझची चौकशी बहुतेक घरांत घसरगुंड्या आणि गो-कार्टपासून सुरू होते. पण सात रात्रींची ही सहल मुलांना मानवते की नाही, हे ठरतं दोन गोष्टींवरून: जहाज कुठून सुटतं आणि बंदरांत दिवसाउजेडी किती तास थांबतं.

सिअ‍ॅटलहून सुटणारी मोठी जहाजं सहसा कॅनडाच्या व्हँकुव्हर बेटाच्या पश्चिमेकडून, उघड्या पॅसिफिकमधून वर जातात. जाताना-येताना जवळजवळ एकेक दिवस जहाज डोलतं. कॅनडातल्याच व्हँकुव्हर शहरातून निघालेली जहाजं हे बेट आणि मुख्य भूमी यांच्यामधल्या आडोशाच्या पाण्यातून जातात. मुलाला गाडी लागत असेल तर बोटही लागण्याची शक्यता धरा आणि तिकीट थोडं महाग पडलं तरी व्हँकुव्हर घ्या. अलास्कातल्या व्हिटियर किंवा सुअर्ड बंदराला संपणारी एकेरी फेरी सुंदर असते, पण परतीचं विमान अँकरेजहून, तेही चौघांचं. लहान मुलं असताना ती पुढच्या वेळेसाठी ठेवावी.

सिअ‍ॅटलच्या फेरीत कॅनडातलं व्हिक्टोरिया बंदर बहुधा असतं, कारण १८८६ च्या अमेरिकी कायद्यानुसार परदेशी नोंदणीच्या जहाजाला मध्ये परदेशी बंदर घ्यावंच लागतं. हा थांबा पुष्कळदा रात्री आठ-नऊला असतो. मुलं तोवर पेंगुळलेली, म्हणजे बंदरांच्या यादीतलं एक नाव तुमच्या उपयोगाचं नाही. कागदपत्रं मात्र पूर्ण लागतात. भारतीय पासपोर्टवर एच-१बी आणि एच-४ व्हिसाने अमेरिकेत राहणाऱ्या कुटुंबाला या काही तासांसाठीही प्रत्येकाचा कॅनडाचा व्हिसा हवा, तान्ह्या बाळाचासुद्धा. ग्रीनकार्ड असेल तर वैध पासपोर्ट आणि कार्ड पुरतं. भारतातून येणाऱ्यांनी दोन्ही देशांचे व्हिसा हातात आल्याशिवाय परत न मिळणारी रक्कम भरू नये.

आता हिमनदी. कार्यक्रमपत्रिकेत 'ग्लेशियर बे' हे नाव स्पष्ट लिहिलेलं आहे का, ते बघा. या राष्ट्रीय उद्यानात दिवसाला दोनच मोठ्या क्रूझ जहाजांना प्रवेश असतो, आणि हॉलंड अमेरिका व प्रिन्सेस या क्रूझ कंपन्यांच्या बऱ्याच फेऱ्या तिथे जातात. सकाळी उद्यानाचे रेंजर जहाजावर चढतात, माहिती सांगतात, मुलांना ज्युनिअर रेंजरची पुस्तिका देतात. ती भरून बिल्ला मिळवण्यात सहा ते बारा वर्षांची मुलं अख्खा दिवस रमतात. हिमनदीसमोर जहाज सावकाश गोल फिरतं, त्यामुळे महागड्या बाल्कनीच्या खोलीची गरज नाही, वरचा डेक पुरतो. एंडिकॉट आर्मसारखे समुद्राचे अरुंद फाटेही देखणे आहेत, पण बर्फाचे तुकडे जास्त असले तर मोठं जहाज टोकापर्यंत न जाता वळतं.

जहाज वयाप्रमाणे निवडा. मुलांचे क्लब बहुतेक कंपन्यांत तीन वर्षांपासून, तेही डायपर सुटलेला असेल तरच. कार्निव्हल दोन वर्षांपासून घेते. त्याहून लहान बाळासाठी पाळणाघर हवं असेल तर डिस्ने किंवा रॉयल कॅरिबियन, तासावर पैसे देऊन. पोहण्याचा डायपर घातला तरी बाळाला तलावात उतरू देत नाहीत, हे आधीच माहीत असलेलं बरं. डिस्नेच्या बऱ्याच खोल्यांत शौचालय आणि अंघोळीची जागा वेगवेगळी असते, चौघांच्या सकाळी त्याचं मोल कळतं. भाडं मात्र बहुधा सगळ्यांत चढं. तेरा वर्षांपुढच्यांसाठी नॉर्वेजियनचं 'ब्लिस' किंवा 'एन्कोर' (त्यांच्यावर गो-कार्ट आहेत) अथवा रॉयल कॅरिबियनची क्वांटम वर्गातली जहाजं. मुलं सहा ते बाराची असतील तर आमचं मत सरळ आहे: व्हँकुव्हरहून सुटणारी, ग्लेशियर बेला जाणारी फेरी. जहाज साधं असलं तरी चालेल.

खोलीत चौघं म्हणजे दोन पलंग भिंतीतून किंवा छतातून खाली येणारे. खालच्या पलंगांवर कोण झोपणार, ते आधी ठरवा. जूनमध्ये रात्री दहापर्यंत उजेड असतो, म्हणून बिनखिडकीच्या खोलीत लहान मुलं उलट लवकर झोपतात. तिसऱ्या-चौथ्या प्रवाशाचं भाडं कमी दिसतं, पण माणशी रोज साधारण १६ ते २० डॉलर टिप मुलांचीही लागते. शाकाहारी किंवा जैन जेवण बुकिंगच्या वेळीच नोंदवा आणि पहिल्या रात्री मुख्य वाढप्याला पुन्हा सांगा.

महाराष्ट्रातल्या शाळांच्या सुट्टीशी मे आणि जूनचा पूर्वार्ध छान जुळतो. या दिवसांत पाऊस तुलनेने कमी आणि भाडंही उतरतं. केचिकन बंदराच्या ओढ्यातले सॅमन मासे मात्र जुलैनंतर. जुनो बंदरात देवमासे बघायला जाताना बंद केबिन आणि शौचालय असलेलीच बोट घ्या. बसप्रवास धरून साडेतीन-चार तास जातात. तिथल्याच मेंडेनहॉल हिमनदीजवळच्या नगेट धबधब्याची वाट जाऊन-येऊन सुमारे तीन किलोमीटर, सपाट, पाच वर्षांचं मूल सहज चालतं. स्कॅगवे बंदराहून डोंगरात जाणाऱ्या व्हाइट पास रेल्वेत वर जाताना डावीकडे बसा, दऱ्या त्याच बाजूला आहेत. हेलिकॉप्टरच्या सहली ढगांमुळे ऐन वेळी रद्द होतात, मुलांना आधीपासून आशा लावू नका.

कपडे तीन थरांत: आत अंगाला चिकटणारा, मध्ये लोकरी, वर खरा रेनकोट. केचिकनच्या पावसात छत्री वाऱ्याने उलटते.

बाहेरून स्वस्तात सहल घेतली तर परतीसाठी निदान दीड तास हाताशी ठेवा. अलास्काची वेळ सिअ‍ॅटलच्या एक तास मागे असते, आणि फोन कधी एक वेळ दाखवतो तर जहाज दुसरी पाळतं. उतरताना दाराशी लावलेली चढण्याची शेवटची वेळ फोटोत घेऊन ठेवा. जहाजाच्या स्वतःच्या सहलीला उशीर झाला तर ते थांबतं, बाहेरच्या सहलीसाठी थांबत नाही.