गावच्या पोलिसांची टॉमी गन : बदलून घ्यावी, विकावी की ठेवावी?

अमेरिकेतल्या गावकारभारात आता आपली मराठी माणसंही बऱ्यापैकी दिसायला लागली आहेत. टाउन कौन्सिलवर निवडून यायचं, पाण्याच्या पाइपलाइनी आणि पार्किंगच्या भांडणांची तयारी ठेवायची, आणि एके दिवशी पोलीस चीफ विषयपत्रिकेत घालतात : शस्त्रागारातली जुनी थॉम्पसन सबमशिनगन, विल्हेवाटीबाबत. आमच्या मिडवेस्टमधल्या गावात हे होऊन गेलं आहे. तुमच्याकडे असा विषय येऊ घातला असेल, तर माझा अनुभव सांगतो. वजन किती द्यायचं ते तुम्ही ठरवा.

टॉमी गन, म्हणजेच ही थॉम्पसन, काय चीज आहे हे तुम्हाला ठाऊकच असेल. दारूबंदीच्या काळात टोळीवाल्यांनी तिला बदनाम केलं आणि पोलिसांनी त्याच धास्तीपोटी ती विकत घेतली. कोल्ट कारखान्याने १९२१-२२ मध्ये साधारण १५,००० बनवल्या. आमची त्यांतलीच. तिच्यावर १९२१ हे मॉडेलचं साल कोरलेलं होतं, पण शेवटच्या १ वर ८ चा ठसा ठोकून त्याचं १९२८ केलेलं. खप होईना म्हणून पडून राहिलेल्या बंदुकांचा गोळीबाराचा वेग कमी करून, त्या विकणाऱ्या ऑटो-ऑर्डनन्स कंपनीने त्या नवं मॉडेल म्हणून खपवल्या, त्याची ही खूण. बोट फिरवलं की जुना १ अजून लागतो.

सगळ्यात आधी कागद बघा. बाकीची चर्चा त्यानंतरची. १९३४ च्या कायद्याने मशिनगनची नोंदणी सुरू झाली आणि १९ मे १९८६ नंतर खासगी मालकीसाठी नव्या मशिनगनची नोंद होणंच बंद झालं. खासगी बाजारात फिरू शकणाऱ्या थॉम्पसनची संख्या वाढणार नाही, म्हणून किमती चढत गेल्या. मात्र तुमच्या खात्याने ती एटीएफकडे (शस्त्रांवर देखरेख करणारं केंद्रीय खातं) फॉर्म १० वर नोंदवलेली असेल, तर ती एका सरकारी खात्याकडून दुसऱ्या सरकारी खात्याकडेच जाऊ शकते. संग्राहकाला ती घेता येत नाही, म्हणजे बाजारभावाचा विषयच मिटला. तशी असेल तर पुढचं फक्त करमणूक म्हणून वाचा. आमची नोंद सुदैवाने जुनी आणि स्वच्छ निघाली, म्हणजे ती खासगी हातात जाऊ शकत होती.

आता पर्याय. ठेवून देणं हा सगळ्यात सोपा आणि गावाला सगळ्यात आवडणारा. आमच्या सभेत दोन आजोबा तावातावाने उठले : हा गावाचा इतिहास आहे, विकता कसला! भावना मलाही कळते. पण चालती मशिनगन ग्रंथालयाच्या काचेच्या कपाटात ठेवता येत नाही, आणि गावच्या खासगी इतिहास मंडळाला अशीच देऊनही टाकता येत नाही. निकामी करून नोंदणीच्या कचाट्यातून कायमची सोडवायची तर तिचा मुख्य भाग कापावा लागतो, म्हणजे किंमत आणि इतिहास दोन्ही एकदमच कापले जातात. मग उरतं काय, तर शस्त्रागाराच्या कुलपात पडून राहणं आणि वर्षाच्या मोजणीला बाहेर येणं. सरकारी मालकीचं संग्रहालय जवळ असेल आणि ते नीट लेखी जबाबदारी घेत असेल, तर मात्र हा पर्याय मी हसण्यावारी नेणार नाही.

लिलाव हा कागदावर सगळ्यात फायद्याचा. नावाजलेल्या लिलावात हौशी संग्राहक एकमेकांवर चढत जातात. अदलाबदलीत शस्त्रविक्रेता देईल त्यापेक्षा जास्त रक्कम तिथे येण्याची शक्यता खरीच आहे. कौन्सिलमधले हिशेबी लोक याच बाजूचे होते आणि त्यांचं गणित चूक नव्हतं.

माझं मत फिरलं ते एका वेगळ्याच गोष्टीने. काही वर्षांपूर्वी पोलिसांची जुनी गस्ती बोट लिलावात काढली होती. त्या पैशातून बुलेटप्रूफ जाकिटं घ्यायची असं बोलणं झालं होतं, कारण जुन्या जाकिटांची पाच वर्षांची मुदत संपत आली होती. बोट गेली, चेक आला, आणि गावाची मालमत्ता विकली की होतं तसं ते पैसे जनरल फंडात, म्हणजे गावाच्या सगळ्या खर्चांच्या सामाईक खात्यात, जमा झाले. हिवाळा लवकर आणि जोरात आला, आणि ती रक्कम रस्त्यावर टाकायच्या मिठात गेली. कुणी खाल्ले नाहीत, सगळं नियमाने झालं. रस्ते खरंच मोकळे राहिले. पण चीफ पुढच्या बजेटला जाकिटांची तीच ओळ घेऊन पुन्हा आमच्यासमोर उभे राहिले, आणि आम्ही सगळे कागदात डोकं घालून बसलो. जनरल फंडात पडलेल्या डॉलरवर कुणाचं नाव लिहिलेलं नसतं, हे मला तेव्हा कळलं ते कायमचं.

अदलाबदलीत ही गोची होत नाही. थॉम्पसन जाते ती मशिनगनच्या धंद्यासाठीचा खास कर भरलेल्या परवानाधारक विक्रेत्याकडे, आणि तो त्या बदल्यात पोलिसांना लागणारा माल देतो. पैसे मध्ये कुठे थांबतच नाहीत. नॉर्थ कॅरोलायनातल्या फोरसाइथ काउंटीच्या शेरीफ कार्यालयाने २०१४ मध्ये दोन थॉम्पसनच्या बदल्यात ८८ बुशमास्टर रायफलींचा व्यवहार ठरवला होता. दोन जुन्या बंदुकांत ८८ गस्ती गाड्यांची सोय! तोटाही सांगतो : गिऱ्हाइकाला लावतो तो पूर्ण भाव विक्रेता आपल्याला देत नाही, त्यालाही त्यात कमवायचं असतं. आम्ही एकाहून जास्त दरपत्रकं मागवली तेव्हा आकड्यांत चांगलाच फरक पडला. लिलावापेक्षा थोडं कमी मिळालं असेल, मी नाकारत नाही. पण जे मिळालं ते ज्यांच्यासाठी होतं त्यांच्याच हातात पडलं.

सभेत कुणीतरी विचारेलच की लष्कराचा जादा माल पोलिसांना देणाऱ्या पेंटागॉनच्या १०३३ योजनेत रायफली फुकट मिळतात, मग ही उठाठेव कशाला? मिळतात, पण उसन्या. मालकी लष्कराकडेच राहते, दरवर्षी मोजदाद द्यावी लागते, आणि पुढे त्या बदलून दुसरं काही घेता येत नाही. लहान खात्याला तो कागदी व्याप झेपतो का, हे चीफना खासगीत विचारा.

पुण्यातल्या भावाला हे सांगितलं तर त्याला थट्टाच वाटली. पोलिसांची बंदूक दुकानदाराला द्यायची? आपल्याकडे थ्री नॉट थ्री रायफल पोलिसांच्या हातात एकविसाव्या शतकातही राहिली, २००८ मध्ये सीएसटीवर जगाने ती पाहिली, पण ती देऊन त्या बदल्यात नवं घ्यायला बाजारच नाही; सर्वसाधारण परवान्यावर त्या बोअरचं (नळीच्या मापाचं) हत्यार मिळत नाही. त्याच्या प्रश्नात तथ्य मात्र आहे. अमेरिकेत पोलिसांनी बदलीत दिलेली साधी पिस्तुलं पुढे गुन्ह्यांत सापडल्याची उदाहरणं हजारोंनी आहेत. नोंदणीकृत थॉम्पसन संग्राहकाच्या तिजोरीत जाते, नऊ मिलिमीटरचं वापरलेलं पिस्तूल कुठे जाईल सांगता येत नाही. चीफ त्याच ठरावात जुनी पिस्तुलंही ढकलू बघतील. तो विषय वेगळा घ्या. पिस्तुलं देण्याच्या विरोधात माझं मत पडलं होतं.

थोडक्यात, गावाचं बजेट शिस्तीचं असेल आणि लिलावाची रक्कम पोलिसांसाठीच राखून ठेवायचा ठराव आधी होत असेल, तर लिलाव करा, मी आड येणार नाही. आमच्याकडे तो भरवसा नव्हता. विक्रेत्याशी बसाल तेव्हा नुसत्या रायफलींची संख्या मोजू नका. साइट, पट्टे, जादा मॅगझिनं आणि गाडीत बसवायचे रॅक यादीत लिहून घ्या, नाहीतर तो खर्च पुन्हा तुमच्याच दारात येतो. आणि थॉम्पसनबरोबर ५० गोळ्यांचा मूळ ड्रम असेल, तर त्याचा भाव वेगळा लावायला सांगा. विक्रेता आपणहून सांगत नाही.