सालच नसलेलं १९९८ चं नाणं, १८,५०० रुपयांना

आधीच सांगतो, हसायचं असेल तर हसून घ्या, घरात सगळ्यांचं हसून झालंय. मी बेस्टमध्ये सव्वीस वर्षं कंडक्टर होतो. चिल्लर माझ्या बोटांना कळते, आजही डोळे मिटून नाणी वेगळी करून दाखवतो. आणि त्याच माणसाला पाच रुपयाच्या नाण्यात गंडवलं.

ड्युटीवर असताना एखादं नाणं वेगळं दिसलं की आपल्या खिशातले पैसे बॅगेत टाकून ते बाजूला काढायची सवय होती (हिशोब चोख, उगाच शंका नको). रिटायर झाल्यावर त्याच नाण्यांचे डबे काढून बसलो, नाणी जमवणाऱ्यांच्या एका व्हॉट्सॲप ग्रुपवर गेलो, तिथे हा गंडवणारा भेटला. तिशीतला मुलगा, गोड बोलणारा, सारखं काका काका. लाखो रुपये देतो म्हणणारे ते व्हिडिओवाले असतात ना, त्यांच्यातला नाही वाटला. रिझर्व्ह बँकेने २०२१ मध्येच सांगितलंय की आमच्या नावाने जुन्या नाण्या-नोटांचे व्यवहार करणारे खोटे आहेत, ते मला माहीत होतं, मीच चाळीतल्या दोघांना वाचवलंय त्यातून. म्हणून तर जास्त राग येतो.

याने आधी मला खरा माल दिला. स्टीलचा एक रुपया, छाप सरकलेली, एका बाजूला चंद्रकोरीएवढी जागा कोरी (अशी छपाईत चुकलेली नाणी हौशी लोक जास्त पैसे देऊन घेतात). ९०० रुपये. मी ओळखीच्या जुन्या नाणेवाल्याला दाखवला, तो म्हणाला ओरिजिनल आहे, टांकसाळीतूनच असा आलाय. झालं, विश्वास बसला. आता कळतं की ते ९०० चं नाणं म्हणजे गळाला लावलेलं गांडूळ होतं.

मग महिन्याभराने म्हणाला, काका, लखी आलंय. ज्यांना माहीत आहे त्यांना सांगायला नको, पण थोडक्यात, नाणं छापताना आधीचं नाणं ठशालाच चिकटून राहतं आणि पुढच्या चकतीवर त्याचीच उलटी, आत खोल गेलेली छाप पडते. म्हणजे एका बाजूला नेहमीसारखे सिंह वर उठलेले, दुसऱ्या बाजूला तेच सिंह आरशातल्यासारखे उलटे आणि आत दबलेले. हे नाणं पाच रुपयांचं होतं, ते जुनं जाड, तांबं-निकेलचं, ९ ग्रॅमचं. मागितले २५,०००, तुटलं १८,५०० ला. १४,००० यूपीआयवर, ४,५०० रोख.

भेटलो फोर्टात, चहाच्या टपरीवर. टांकसाळ तिथून चालत पाच मिनिटांवर! नाणं पुठ्ठ्याच्या चौकोनी पाकिटात, मध्ये पारदर्शक खिडकी, वर बॉलपेनने लिहिलेलं, ‘५ रु. लखी, १९९८, मुंबई’. वर्षाखाली चौकटीच्या आकाराचा ठिपका असला की मुंबई, चांदणी असली की हैदराबाद, गोल ठिपका नोएडा, काहीच नसेल तर कोलकाता, हे मला पाठ. मी स्वतः त्याला ऐकवलं पण ते, शहाणपणा दाखवायला. तो म्हणाला, वा काका, तुम्हाला तर सगळं माहितीये.

आणि इथेच. इथेच माझं डोकं कुठे गेलं होतं कोण जाणे. त्या पाच रुपयाच्या नाण्यावर साल कुठल्या बाजूला असतं? पाचचा आकडा असतो त्या बाजूला, खाली. आणि माझ्या हातातल्या नाण्याच्या दोन्ही बाजूंना सिंह! आकडाच नाही तर साल कुठून आणलं, आणि साल नाही तर सालाखालचा ठिपका कुठून आणला? सव्वीस वर्षं मी त्या पाचच्या आकड्याकडे बघत आलोय. नाणं माझ्या तळहातावर होतं आणि मी वाचत बसलो पाकिटावरचं बॉलपेन.

आता माझी बाजू पण ऐका. ऊन होतं, चष्मा वाचायचा नव्हता, आणि त्याचा फोन सारखा वाजत होता, दुसरं गिऱ्हाईक थांबलंय म्हणत होता. पैसे पाठवताना नाव वेगळंच आलं, कुठल्यातरी बाईचं. म्हणाला वहिनीचं अकाउंट आहे. मला वाटलं असेल, आमच्या घरी पण सगळं सुनेच्या फोनवरूनच चालतं.

घरी आणून रात्री भिंगाखाली धरलं तर सरळ बाजूचे सिंह चपटे, आयाळीच्या रेघाच नाहीत, ‘सत्यमेव जयते’ पुसट. खरं लखी असेल तर ती बाजू नव्या नाण्यासारखी टोकदार हवी, कारण तिच्यावर ठसा नीटच पडलेला असतो. इथे काय केलंय तर आकड्याची बाजू घासून सपाट केली, त्यावर दुसरं नाणं ठेवून व्हाइसमध्ये, म्हणजे लोखंडी शिकंज्यात, आवळलं, वरची छाप आत गेली आणि खालचे सिंह दाबले गेले. कडेला जी नक्षीची खाच असते ती एका जागी मिटलेली. सकाळी सराफाकडे वजन केलं, ८.२६. डब्यातली घरची तीन नाणी ठेवली, ८.९४, ८.९७, ८.९१. वापराने पाऊण ग्रॅम झिजत नाही हो, ते कानशीने जातं. तेव्हा वजन केल्याशिवाय पैसे काढू नका, खिशात मावणारा काटा ऑनलाइन पाचशेच्या आत मिळतो, मी आता घेतलाय, वरातीमागून घोडं.

फोन लावला तर पहिल्यांदा म्हणाला, काका, झीज आहे. दुसऱ्यांदा उचलला नाही. तिसऱ्यांदा नंबर ब्लॉक.

१९३० ला, म्हणजे सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला, फोन लावला, तक्रार घेतली, तक्रारीचा नंबर आला. मग पोलीस स्टेशन. तिथल्या साहेबांनी नाणं हातात घेतलं, उलटसुलट केलं आणि हवालदाराला हाक मारून म्हणाले, अरे बघ रे, पाच रुपयाला अठरा हजार. दोघं हसले. मी उभा. मग म्हणे वस्तू तर मिळाली ना तुम्हाला, मग फसवणूक कसली, हे सिव्हिल मॅटर. मी म्हणालो साहेब, नाणं घासून दुसरंच बनवून विकलंय. तर म्हणे एक्सपर्टचा रिपोर्ट आणा. कुठला एक्सपर्ट, कुठून आणू, ते सांगेनात. पावती आहे का? नाही. साक्षीदार? चहावाला. दुसऱ्या दिवशी या, साहेब बंदोबस्तात आहेत, सोमवारी या, गणपती झाल्यावर या. चार फेऱ्या मारल्या. बँकेत गेलो तर काउंटरवरची मुलगी म्हणते, काका, पिन तुम्हीच टाकलात ना? हो बाई, मीच टाकला, जबरदस्तीने कोणी टाकून घेतला असता तर बरं झालं असतं का? १४,००० चा निदान माग तरी लागतो म्हणे, ४,५०० रोख तर कागदावर कधी दिलेच नाहीत. म्हणून रोख देऊ नका, आणि समोरच्याचं नाव पटत नसेल तर पैसे पाठवू नका, बोट उचला.

दहा रुपयाच्या नाण्यांत पण हा धंदा चालू आहे. मधली चकती ठोकून बाहेर काढतात, उलटी बसवतात आणि ‘मिंट एरर’, म्हणजे टांकसाळीतली चूक, म्हणून विकतात. सांधा बघा, टांकसाळीत दोन्ही भाग एकत्रच दाबले जातात, ठोकल्याच्या खुणा, फट, हलणारी चकती, असलं काही दिसलं की सोडा. आणि रेघ दिसली तर नखाने चाचपून बघा. ठशाला तडा गेला असेल तर रेघ नाण्यावर वर उठलेली लागते, कारण धातू तड्यात घुसतो. आत गेलेली रेघ म्हणजे ओरखडा, तो कोणाच्याही किल्ल्यांच्या जुडग्याने पडतो.

परवा त्याच ग्रुपवर दुसऱ्या नंबरवरून फोटो आला. तसंच पाकीट, तेच बॉलपेनचं अक्षर, ‘५ रु. लखी, १९९६, मुंबई’, किंमत २२,०००. खाली दोघांनी ‘इंटरेस्टेड’ लिहिलेलं. मी फक्त एवढंच विचारलं, नाण्यावर साल कुठे आहे ते दाखवा. दहा मिनिटांत मला ग्रुपमधून काढून टाकलं.