स्ट्रेच मार्क्ससाठी फ्रॅक्शनल लेझर की मायक्रोनीडलिंग?

त्वचा ताणली जाऊन आतील कोलॅजन व इलॅस्टिन या बळकटी आणि लवचीकपणा देणाऱ्या प्रथिनांचे तंतू तुटल्याने उमटलेले हे व्रण कोणत्याही उपचाराने पूर्णपणे पुसले जात नाहीत. ते फिके आणि सपाट होतात, एवढेच. १०,६०० नॅनोमीटर तरंगलांबीचा फ्रॅक्शनल (सलग नव्हे, तर ठिपक्याठिपक्यांनी मारा करणारा) कार्बन डायऑक्साइड लेझर त्वचेतील पाणी तापवून अतिसूक्ष्म जखमा करतो, तर मायक्रोनीडलिंगमध्ये बारीक सुया उष्णतेविना छिद्रे पाडतात. या जखमा भरताना दोन्हींत नवे कोलॅजन तयार होते. मात्र सावळ्या त्वचेवर लेझरच्या उष्णतेने काळपट डाग उमटण्याचा धोका अधिक असल्याने तिथे मी सुयांनाच झुकते माप देईन. दोन्हींत काही आठवड्यांच्या अंतराने अनेक बैठका लागतात आणि ताजे, लालसर व्रण (नेमकी हीच वेळ बहुतेक जण दवडतात) जुन्या पांढऱ्या व्रणांपेक्षा लवकर दाद देतात.