जगन्मोहन राजवाड्यातील हळदणकरांचा दिवा

म्हैसूरला जाणारे बहुतेक मराठी प्रवासी मोठा राजवाडा पाहतात, म्हैसूरपाक आणि चंदनाच्या वस्तू घेतात आणि परततात; जवळच असलेला जगन्मोहन राजवाडा ‘वेळ उरला तर’ या सदरात राहून जातो. मागच्या खेपेस आमच्या सहल कंपनीने तेथे जेमतेम अर्धा तास दिला होता, म्हणून या वेळी मी मुद्दाम एकटा गेलो आणि सबंध सकाळ तेथेच काढली.

हा वाडा १८६१ सालचा. १८९७ मध्ये जुना लाकडी राजवाडा आगीत भस्मसात झाल्यावर, १९१२ मध्ये नवा पूर्ण होईपर्यंत राजघराणे येथे राहिले, आणि १९०२ मध्ये चौथ्या कृष्णराज वडियारांचा राज्यारोहण सोहळाही लॉर्ड कर्झन यांच्या उपस्थितीत येथेच झाला. १९१५ पासून येथे कलासंग्रह आहे. राजा रविवर्मा यांची मूळ तैलचित्रे, भिंतींवर रंगवलेली वडियारांची वंशावळ, सैनिकांच्या छोट्या बाहुल्या असलेले फ्रेंच घड्याळ, हे सारे सावकाश पाहावे असेच आहे.

परंतु माझ्या मते येथे यावे ते ‘ग्लो ऑफ होप’ या एका चित्रासाठी. हातातील दिव्याच्या ज्योतीवर दुसऱ्या हाताचा आडोसा धरून उभी असलेली स्त्री आपण छापील प्रतींत असंख्य वेळा पाहिलेली असते. मूळ चित्र मात्र अंधाऱ्या जागेत लावलेले असल्यामुळे प्रकाश खरोखर तिच्या हातातूनच येतो आहे असे वाटते. ज्योतीजवळच्या बोटांच्या कडा तांबूस झाल्या आहेत, तोंडावर ऊब आहे आणि मागच्या भिंतीवर तिची सावली पडली आहे. हे सर्व जलरंगात साधले आहे, जेथे उजेड वरून चढवता येत नाही, कागदाचा पांढरेपणा आधीपासूनच जपावा लागतो आणि चुकलेला हात सहसा झाकता येत नाही.

पुष्कळ जण हे चित्र रविवर्म्यांचे समजतात. ते १९०६ मध्येच निवर्तले. हे चित्र १९४५-४६ च्या सुमाराचे असून ते सावंतवाडीत जन्मलेल्या सावळाराम लक्ष्मण हळदणकरांनी आपली कन्या गीता हिला समोर उभी करून रंगवले आहे. शेजारच्या मराठी कुटुंबाला मी हे सांगितले, तेव्हा त्यांच्यातील आजी दारापर्यंत गेलेल्या परत फिरल्या आणि चित्रासमोर येऊन उभ्या राहिल्या.