हायवेवरची कॉफी: आठ महिने पिऊन झाल्यावर

वडकी आणि करंजीच्या मधात, नागपूर-हैदराबाद हायवेवर, मार्चमध्ये एका साखळी कंपनीचं कॉफीचं दुकान उघडलं. नाव लिहीत नाही, कारण शेजारच्यांचा पोरगा तिथंच मशीनवर आहे आणि तो हे वाचणार. आता कापसाची वेचणी सुरू झाली, म्हणजे आठ महिने झाले. एवढं पिऊन झाल्यावर बोलायचा हक्क आहे.

कॉफी कडू आहे. पहिल्या दिवशी बाबांनी एक घोट घेतला न् मला विचारलं, "काऊन बे, करपली का?" साखरेच्या पुड्या एवढ्याशा की त्यांना सहा लागतात. वर बशी नाही. बशीशिवाय गरम पिणं त्यांना जमत नाही, म्हणून त्यांनी कपाचं प्लॅस्टिकचं झाकण काढलं, उलटं धरलं आणि त्यात कॉफी ओतली. झाकणाला प्यायचं भोक असतं, हे आधी त्यांच्या धोतराला कळलं. दुसऱ्या दिवसापासून ते भोकावर अंगठा दाबून फुर्रकन ओढतात. आता गावातले अर्धे म्हातारे तसेच पितात, आणि कोणी सरळ कपाला तोंड लावलं तर त्यालाच अडाणी समजतात.

मे महिन्यात पारा 45 च्या वर होता, डांबर चपलेला चिकटत होतं, आणि आत एसीत आमचं गाव गरम कॉफी फुंकून पीत होतं. बॉस्टनच्या मावसभावाला फोनवर सांगितलं तर तो म्हणाला, इकडं उलटं आहे. बाहेर बर्फ पडतो आणि लोक हातमोजे घालून डंकिन नावाच्या तिकडच्या साखळी दुकानाची बर्फ घातलेली कॉफी घेऊन फिरतात. त्या भागाचं ते दैवतच. बॉस्टनला लागून असलेल्या क्विन्सीत विल्यम रोझेनबर्गनं 1950 साली आपल्या दुकानाला ते नाव दिलं. तिथल्या जुन्या लोकांत 'रेग्युलर' कॉफी म्हणजे क्रीम आणि साखर घातलेलीच. बाबा म्हणाले, "मंग समजदार लोक आहेत."

तसं कॉफीचं विदर्भाला वावडं नाही, आपल्या चिखलदऱ्याला पिकतेच. मी पोराला विचारलं, चिखलदऱ्याची आहे का? तो म्हणाला, "मेनूत नाही, भाऊ."

शौचालय मात्र एक नंबर. या पट्ट्यात बायांना निर्धास्त जाता येईल अशी जागा आम्हाला तरी माहीत नव्हती. आई कॉफीला तोंड लावत नाही, पण या दुकानावर तिचा जीव बाबांपेक्षा जास्त आहे.

आता तक्रार. दहा शिक्क्यांवर एक कॉफी फुकट, असं कार्ड होतं. जुलैत ॲप आलं आणि कार्ड बंद. बाबांचे नऊ शिक्के झाले होते! ॲपला ओटीपी लागतो, ओटीपीला नेटवर्क, आणि नेटवर्क मिळतं दुकानामागच्या बाभळीखाली. तिथून काउंटरपर्यंत येईस्तोवर ओटीपी मरतो.

बाबांनी बहिष्कार टाकला. चार दिवस टपरीवरचा चहा. पाचव्या दिवशी पांढरकवड्याहून एक सोयरे आले आणि बोलले, "तुमच्या इथली ती कॉफी म्हणजे निव्वळ लूट आहे, बुवा." बाप्पा, बाबा जे उसळले! "तुमच्या गल्लीत आहे का असं दुकान?" सोयऱ्यांना गाडीवर बसवून नेलं, दोन कॉफ्या घेतल्या, पैसे स्वतः दिले, आणि अंगठा कुठं दाबायचा तेही शिकवलं.

तर कॉफीला दोन तारे, एसीला पाच, शौचालयाला पाच, ॲपला शून्य देता येत नाही म्हणून एक.

नऊ शिक्क्यांचं कार्ड बाबांच्या पाकिटात आधारच्या मागं आहे. दर वेळी ते काढून काउंटरवर ठेवतात. पोरगा म्हणतो, "काकाजी, हे बंद झालं ना."

"माहीत आहे," बाबा म्हणतात, कार्ड परत पाकिटात घालतात आणि साखरेच्या सहा पुड्या मोजून घेतात.