निकोटिन गम, गोळ्या आणि माझी दाढ: सहा-सात महिन्यांनंतरचा अनुभव

आधी तक्रार, बाकीचं नंतर. सिगरेट सोडायला चघळतात त्या निकोटिन गमने माझ्या खालच्या दाढेची कॅप उपटून काढली. गम गालात सरकवायला जीभ लावली, तर गमबरोबर कॅपही हातात आली. रूट कॅनाल करून बसवलेली, साडेपाच हजारांची. डेंटिस्टने ती परत चिकटवून दिली, पाचशे रुपये घेतले आणि वर ऐकवलं, "अहो, हा गम दातांच्या कामाला चिकटतो, लिहिलेलं असतं त्यात." असतं ना! पाकिटात घड्या घालून कोंबलेल्या कागदावर, इंग्रजीत, भिंगाशिवाय दिसणार नाही अशा अक्षरांत. ज्याने वीस-बावीस वर्षं रोज एक पाकीट ओढलंय, त्याच्या तोंडात एखादी कॅप, एखादं फिलिंग असणारच. गम घेणारा गिऱ्हाईक तोच, मग ही ओळ पाकिटावर ठळक छापायला काय हरकत आहे?

मी भोसरीला एका मशीन शॉपमध्ये सेकंड शिफ्टला असतो. सिगरेट सोडायचं कारण काही उदात्त नव्हतं. पाकिटाचा भाव वाढत गेला आणि एका महिन्याचा हिशेब मांडल्यावर तो मुलीच्या क्लासच्या हप्त्यापेक्षा जास्त निघाला. सुटी सिगरेट घेतली की हा हिशेब कळतच नाही. महाराष्ट्रात 2020 पासून सुटी सिगरेट-बिडी विकायला बंदी आहे, आणि आमच्या गेटसमोरची टपरी सुट्यांवरच चालते. वीस वीस रुपये दिवसभर सुटे जातात, खिशाला जाणवत नाहीत. गमची पट्टी मात्र एकदम घ्यावी लागते, म्हणून ती महाग वाटते. प्रत्यक्षात एका गमला सिगरेटच्या निम्मेच पैसे पडत होते.

आता माझं खरं दुखणं. गम आणि चहा.

गम घ्यायच्या आधी पंधरा मिनिटं काही प्यायचं नाही, आणि गम तोंडात असेपर्यंतही नाही. चहा-कॉफी, सरबत, कोल्ड्रिंक यांनी तोंडात आम्लता वाढते आणि गालाच्या आतल्या त्वचेतून निकोटिन नीट शोषलं जात नाही. एक गम अर्धा तास चालतो. म्हणजे एका गममागे पाऊण तास चहा बंद. आमच्या शिफ्टला चहाची सुट्टी दहा मिनिटांची, आणि सिगरेटची तलफ येते ती नेमकी चहाच्या पहिल्या घोटाला. चहा घ्यावा तर गम वाया, गम घ्यावा तर चहा गेला, आणि दोन्ही सोडून उभं राहावं तर समोरचा पाकीट पुढे करणार. हा गम काढणाऱ्याने आयुष्यात कधी कटिंग घेतला नसावा. चहाआधी गम, चहानंतर गम, चहाच्या जागी ताक, सगळे प्रयोग केले. ताकही आंबटच, तेही बाद. शेवटी चहाआधी वीस मिनिटं मशीनवरच गम संपवायचा आणि नुसत्या पाण्याने खळखळून चूळ भरून बाहेर जायचं, एवढं जमलं. सुपरवायझरला वाटलं मी तंबाखू सुरू केली.

चावायचीही तऱ्हा आहे. साध्या च्युइंगमसारखा चावत राहिलात की सगळं निकोटिन लाळेबरोबर पोटात जातं. पोटातून गेलेलं यकृत बरंचसं मोडून टाकतं, त्यामुळे तलफ तशीच राहते आणि वर उचक्या लागतात. पहिल्या आठवड्यात मला अशा उचक्या लागायच्या की आमची ही म्हणाली, "टपरीवाला आठवण काढतोय." हळूहळू चावायचा, जिभेला मिरीसारखी चुणचुण लागली की थांबायचं, हिरडी आणि गाल यांच्या मध्ये ठेवायचा, चुणचुण गेली की परत दोन-चार वेळा चावायचा. हे हाताला, म्हणजे तोंडाला, बसायला वेळ लागतो. बसलं की गम काम करतो. हे मला लिहायचं नव्हतं, पण करतो.

पण आधी डोस बरोबर हवा. मेडिकलवाल्याने काही न विचारता 2 मिलिग्रॅमची पट्टी दिली होती. सिगरेटच्या पाकिटावर छापलेला क्विटलाइनचा, म्हणजे तंबाखू सोडायला मदत करणाऱ्या फोनसेवेचा नंबर, 1800-11-2356, हा मला सरकारी देखावा वाटायचा. फोन फुकट आहे म्हणूनच लावला. पलीकडच्या बाईंनी मराठीत पहिला प्रश्न विचारला, "सकाळी उठल्यावर पहिली सिगरेट किती वेळात लागते?" मी म्हटलं, तोंड धुवायच्या आधी. तेव्हा कळलं की अर्ध्या तासाच्या आत लागणाऱ्याला 4 मिलिग्रॅम लागतो, आणि त्याला डॉक्टरची चिठ्ठी लागते. त्यांनी माझ्याकडून सोडायची तारीख ठरवून घेतली आणि नंतर स्वतःहून फोन करून चौकशीही केली. दुकानदार मात्र 2 ची न उघडलेली पट्टीसुद्धा परत घेईना. "साहेब, औषध गेलं की गेलं." बिल दाखवलं, आवाज चढवला, मागे गिऱ्हाइकांची रांग लागली, तरी नाही. आता मी औषधं दुसरीकडून आणतो, चार चौक लांब पडलं तरी.

चौथ्या-पाचव्या आठवड्यात छातीत धडधड आणि रात्री झोपेचा पत्ता नाही. मी सरळ गमच्या नावाने बोटं मोडली, आणि हा अनुभव तेव्हा लिहिला असता तर इथेच संपला असता. डॉक्टरांनी विचारलं, चहा किती? तोच, सात-आठ कप. ते म्हणाले, धुरातल्या घटकांमुळे ओढणाऱ्याचं यकृत कॅफिन झपाट्याने निकालात काढतं. ओढणं बंद झालं की तो वेग उतरतो आणि तेवढाच चहा अंगात जास्त वेळ राहतो. निकोटिनचा यात संबंध नाही, धुराचा आहे, त्यामुळे गम घेतलात तरी हे होणार. चहा निम्म्यावर आणला आणि आठवड्यात झोप लागली. गमचं हे एक पाप मी मागे घेतो. दाढेचं घेत नाही.

कॅप गेल्यावर डॉक्टरांनी व्हॅरेनिक्लिन, म्हणजे सिगरेट सोडवायची गोळी, सुरू केली. आधी मूत्रपिंडाचं विचारलं, फिट येते का विचारलं, दारू किती ते विचारलं. पहिले तीन दिवस अर्धा मिलिग्रॅम एकदा, मग सातव्या दिवसापर्यंत दोनदा, आठव्या दिवसापासून एक मिलिग्रॅम दोनदा, एकूण बारा आठवडे. ही गोळी जागतिक आरोग्य संघटनेच्या अत्यावश्यक औषधांच्या यादीत 2021 पासून आहे, आणि मला तिच्यासाठी चार दुकानं फिरावी लागली. 2021 मध्येच फायझर कंपनीने मूळ गोळी नायट्रोसमाइनच्या, म्हणजे कॅन्सरचा धोका वाढवू शकणाऱ्या रसायनाच्या, अशुद्धीमुळे मागे घेतली होती. मला मिळाली ती जेनेरिक.

निकोटिन मेंदूत ज्या जागी जाऊन बसतं, तिथे ही गोळी एसटीच्या सीटवर रुमाल टाकावा तशी आधीच जागा धरून बसते. थोडं समाधान स्वतः देते, आणि सिगरेट ओढलीत तरी तिला बसायला जागा नसते. पहिल्या आठवड्यात ओढायची मुभा असते. मी ओढली. धूर आत गेला, घसा खरखरला, बाकी काहीच झालं नाही. अर्धी टाकून दिली. वीस रुपयांची सिगरेट मी आयुष्यात अर्धी टाकलेली नाही, यावरून समजा.

त्रास दोन. रिकाम्या पोटी घेतली की मळमळ. बाकरवडी खाल्ली म्हणजे पोट भरलं असं होत नाही, पोळी-भाजी खाऊन ग्लासभर पाण्याबरोबरच घ्यायची. आणि स्वप्नं. एकदम रंगीत, तपशीलवार. एका रात्री तर कंपनीची अख्खी युनियन मीटिंग बघितली, ठरावांसकट. संध्याकाळची गोळी थोडी अलीकडे आणल्यावर कमी झाली. आणि मुख्य गोष्ट: चहाचं पथ्य नाही! फक्त एवढ्यासाठी मी गमच्या वर हिला ठेवीन.

मेव्हण्याने घाबरवलं होतं, या गोळीने डोकं फिरतं, माणसं जिवाचं बरंवाईट करून घेतात. अगदीच हवेत नाही ते. अमेरिकेत 2009 मध्ये या औषधावर ठळक इशारा लागला होता. पुढे आठ हजारांवर लोकांवर मोठी चाचणी झाली, त्यातल्या निम्म्यांना आधीपासून मानसिक आजार होते, आणि 2016 मध्ये तिचा निकाल आला. मानसिक त्रासात ही गोळी, कातडीवर चिकटवायचा निकोटिनचा पॅच आणि औषध नसलेली नुसती खोटी गोळी यांत ठळक फरक दिसला नाही. त्याच वर्षी डिसेंबरात इशारा काढला. बारा आठवड्यांच्या उपचारातल्या शेवटच्या चार आठवड्यांत पूर्ण बंद राहिलेले या गोळीवर साधारण 33 टक्के, पॅचवर 23, खोट्या गोळीवर 12. चोवीस आठवड्यांपर्यंत टिकलेले मात्र या गोळीवर 22 आणि खोट्या गोळीवर 9. म्हणजे सगळ्यात चांगलं औषध घेऊनही दहातले सात-आठ परत टपरीवर. तरीही मन उदास वाटलं, चिडचिड वेगळीच वाटली, तर डॉक्टरांना फोन करायचा, हे मला बजावलेलं होतं, तुम्हालाही सांगतो.

पॅच मी घेतला नाही. एप्रिलमध्ये शॉप फ्लोअरवर घामाने शर्ट चिकटतो, पॅच सुटणार. डॉक्टरांच्या मते पॅच आणि गम जोडीने घेतले तर गोळीच्या जवळपास काम होतं, पण गम म्हटल्यावर मी दाढ दाखवली. व्हेपचं, म्हणजे ई-सिगरेटचं, कुणी सुचवू नका, 2019 पासून विकायलाच बंदी आहे. पेपरमधल्या जाहिरातीतली व्यसनमुक्ती चूर्णं, ज्यांवर आत काय आहे तेच लिहिलेलं नसतं, त्यांना मी दहा रुपयेही देणार नाही. श्रावणात सोडून बघितली आहे. श्रावण पाळता येतो, पण डोळा भाद्रपदावर असतो.

आमच्या शॉपमधल्या एका फिटरने मात्र माळ घालून सोडली. आषाढीला पंढरपूरला गेला, तुळशीची माळ घालून आला, त्या दिवसापासून तंबाखू, सिगरेट, सगळं बंद. खर्च शून्य, साइड इफेक्ट एकच, मटण बंद. मी हसायचो, पण त्याचं बघून एक लक्षात आलं: त्याला आता कुणी सिगरेट पुढे करतच नाही. गळ्यात माळ दिसली की समोरचा हात मागे घेतो. माझ्या गोळीला ती सोय नाही. मला रोज चारदा "नको" म्हणावं लागतं, आणि "अरे एकाने काय होतंय" ऐकावं लागतं. माळ जमणार असेल त्याने औषधाच्या फंदात पडू नये. मला मटण सोडवत नाही, म्हणून गोळी.

हिशेब असा. गम, गोळ्या, डॉक्टरची फी, डेंटिस्टचे पाचशे, वाया गेलेली पट्टी, सगळं धरून जेवढं झालं, तेवढे पैसे मी तीन महिन्यांत सिगरेटवर उडवत होतो. गोळ्या संपून बरेच दिवस झाले. जेवल्यावर अजून हात खिशाकडे जातो, मग बडीशेप. वजन चार किलो वाढलंय. टेलरने पँटी कमरेत सोडून द्यायचे नगाला नव्वद रुपये घेतले, आणि दोन पँटींना शिवणीत कापडच शिल्लक नव्हतं. त्या नव्या घ्याव्या लागल्या. तेही खर्चात धरा.